गेमिंग डेस्कटॉपचा प्रोसेसर तापत असेल तर दोष कसा शोधावा

‘प्रोसेसर ९५ अंशांवर जातोय’ एवढ्या एका आकड्यावरून कोणताही दोष सांगता येत नाही. त्या क्षणी प्रोसेसर किती वॉट वीज घेत होता, त्याच्यावरचा पंखा किती वेगाने फिरत होता, खोलीत किती तापमान होते आणि पडद्यावर गेम चालू होता की नुसता डेस्कटॉप उघडा होता, या चार गोष्टी सोबत कळल्या तरच त्या ९५ ला अर्थ येतो. तरीही आकडा दिसताच बहुतेक जण थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मधल्या उष्णतावाहक लेपाची, नळी मागवतात, दोन जादा पंखे बसवतात आणि तेवढ्याने भागले नाही की थेट पाणी फिरवून थंड करणारा महागडा लिक्विड कूलर घेतात. स्वतःचे आणि नात्यागोत्यातले संगणक उघडता-जोडताना मला असे दिसत आले आहे की पुष्कळ वेळा एक पैसाही खर्च न करता काम होते. फक्त दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवावे लागते.

सर्वांत आधी आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा माहीत करून घ्यावी, कारण ती सर्वांची सारखी नसते. इंटेलच्या कोअर आय५-१२४००एफ आणि आय७-१३७००के यांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्सची ९०, रायझन ७ ७७००एक्सची ९५, तर रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९ अंश आहे. या मर्यादेला टेकताच प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज आपणहून कमी करतो, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर संगणक बंद पडतो. त्यामुळे प्रोसेसर जळून जाण्याची भीती आजकाल फारशी उरलेली नाही. खरा तोटा होतो तो वेगाचा. गेम ऐन रंगात असताना दृश्य अडखळते, फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, आकडा मध्येच कोसळतो आणि पंखे किंचाळू लागतात. रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा एएमडीने स्वतःच सांगितले होते की पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणे हे त्या प्रोसेसरांच्या रचनेतच धरलेले आहे. म्हणजे सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्राम चालवताना ७७००एक्स ९५ वर दिसला तर तो बिघाड नव्हे. मात्र तोच साधा गेम खेळताना ९५ वर अडकून राहत असेल तर तपासायला हवे.

माझ्या मते गेम खेळताना ६० ते ८० अंशांच्या दरम्यान प्रोसेसर राहिला तर काही करण्याची गरज नाही, आणि उन्हाळ्याच्या दुपारी ८५ दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. रिकामा बसलेला संगणक ३५ ते ५० वर असावा. रायझनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की रिकाम्या अवस्थेतही त्याचा आकडा ४० वरून क्षणात ६० वर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो. ५००० मालिकेतली कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असलेली सिलिकॉनची चकती जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान आहे. एखादी कोअर पळभर पूर्ण वेगाने धावली तरी एवढ्याशा जागेतली उष्णता लगेच आकड्यात उमटते. त्या उड्यांना दोष समजू नये.

खोलीचे तापमान

प्रोसेसरचा कूलर खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. वॉट तेवढेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतला फरक जवळपास कायम राहतो. नागपुरात किंवा अकोल्यात जानेवारीत खोली २० अंशांवर असताना जो संगणक ७० वर चालत होता, तोच मे महिन्यात खोली ३८ वर गेली की ८८ वर दिसेल, आणि त्यात काहीही बिघडलेले नसेल. म्हणून तापमान नोंदवताना शेजारी खोलीचे तापमान लिहावेच. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा येथे कामाचा नाही, कारण तो बाहेरचा असतो. भिंतीवर लावायचा साधा तापमापक घेऊन तो कॅबिनेट जिथून हवा आत ओढते त्या बाजूला ठेवावा. टेबलाच्या कोंदट कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटला मिळणारी हवा खोलीच्या मध्यापेक्षा चांगली गरम असते हेही त्यामुळे लगेच कळते.

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या वाचकांसाठी येथेच सांगतो, की खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. आकडा त्याने काही अंशांनी उतरतो हे खरे, पण ती हवा ओलसर असते, आणि ओलसर हवेसोबत आत गेलेली धूळ हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या कूलरमधल्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये लेपासारखी चिकटून बसते. कोरडी धूळ ब्लोअरने एका फुंकरीत उडते. हा लेप ब्रशने खरवडावा लागतो. कूलरने खोली थंड करावी, पण कॅबिनेट त्याच्या झोताच्या बाहेर ठेवावी.

मोजमाप

यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. तो उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडला की एक लांबलचक यादी समोर येते, पण आपल्याला त्यातल्या पाचच ओळी हव्या असतात: प्रोसेसरचे तापमान, जे इंटेलमध्ये ‘सीपीयू पॅकेज’ आणि एएमडीमध्ये ‘टीसीटीएल/टीडाय’ या नावाने दिसते, प्रोसेसर पॅकेज पॉवर, म्हणजे वॉट, प्रोसेसरच्या पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे, कोअरचा प्रत्यक्ष वेग, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळे वेग कमी होणे) या ओळीपुढे ‘होय’ आहे की ‘नाही’. मदरबोर्डचा सॉकेटजवळचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेजवळचा, सेन्सर वेगळे तापमान दाखवतो. त्यात आणि पॅकेजच्या तापमानात गल्लत करू नये.

मोजणी तीन टप्प्यांत करावी. संगणक सुरू करून, बाकीचे सर्व प्रोग्राम बंद ठेवून दहा मिनिटे तो नुसता बसू द्यावा आणि पाचही आकडे वहीत लिहावे. मग सिनेबेंचची दहा मिनिटांची सर्व कोअरची चाचणी चालवून शेवटच्या मिनिटातले आकडे लिहावे. त्यानंतर नेहमीचा गेम अर्धा तास खेळून पुन्हा लिहावे. नवा गेम पहिल्यांदा उघडला, किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नुकताच बदलला असेल, तर सुरुवातीची काही मिनिटे शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार करण्यात जातात आणि तेव्हा सर्व कोअर पूर्ण भारावर असतात. ती मिनिटे मोजणीत धरू नयेत. ही वही फार महत्त्वाची आहे. पुढे जो काही बदल कराल तो एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर हीच मोजणी त्याच क्रमाने करावी, नाहीतर पेस्ट, पंखे आणि सेटिंग एकाच संध्याकाळी बदलून तापमान उतरले तरी ते कशामुळे उतरले हे कधीच कळत नाही.

आता आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचावे. वॉट प्रोसेसरच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर दोष मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. वॉट माफक, पण तापमान छताला टेकलेले असेल, तर उष्णता प्रोसेसरकडून कूलरकडे नीट जात नाही किंवा कूलरचा पंखा आपले काम करत नाही. सिनेबेंचमध्ये सर्व ठीक, पण गेममध्ये मात्र तापमान चढत जात असेल, तर कॅबिनेटच्या आतली गरम हवा बाहेर पडत नाही, कारण सिनेबेंचच्या त्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड जवळपास झोपलेले असते आणि गेममध्ये तेच कार्ड दीडशे-दोनशे वॉटची उष्णता त्याच पेटीत ओतत असते. आणि काहीच न करता संगणक तापलेला असेल, तर आत गुपचूप काहीतरी चालू आहे.

तापमान किती वेगाने चढते हेही पाहावे, कारण त्यातून बरेच काही कळते. चाचणी सुरू करताच दोन सेकंदांत आकडा ४५ वरून ९५ वर गेला आणि थांबवताच तितक्याच झपाट्याने खाली आला, तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यातल्या सांध्यावर संशय घ्यावा. आठ-दहा मिनिटांत तो हळूहळू वर सरकत गेला, तर हवेचा प्रश्न आहे. दोनशे वॉटच्या पुढचे मोठे प्रोसेसर मात्र सांधा उत्तम असतानाही झटक्याने वर जातात, म्हणून ही खूण ६५ वॉटच्या वर्गातल्या प्रोसेसरांना अधिक लागू पडते.

वॉट कमी, तापमान जास्त

हा प्रकार मी सर्वाधिक पाहिला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. माझ्या भाच्याने पुण्यातली नोकरी सोडून नागपूरला येताना आपला डेस्कटॉप बसच्या डिकीतून आणला. आल्यावर दोनच दिवसांत त्याचा फोन आला, की गेम सुरू केला की पाचव्या मिनिटाला अडखळतो. त्याने तोवर नवी पेस्ट आणि दोन पंखे मागवूनही टाकले होते. सहा कोअरचा, ६५ वॉटचा प्रोसेसर आणि त्याच्याच डब्यातून आलेला, चार पिनांनी मदरबोर्डवर बसणारा गोल कूलर. आम्ही चाचणी लावली तेव्हा खोली ३१ अंशांवर होती, प्रोसेसर फक्त ६२ वॉट घेत होता आणि तापमान ९७. एवढ्याशा विजेला ९७ अंश होणे शक्यच नव्हते. संगणक बंद करून, वायर काढून मी बाजूचे झाकण उघडले आणि कूलरच्या कडेला बोट लावले, तर तो दारातल्या सैल बिजागरीसारखा किंचित हलला. खालच्या उजव्या कोपऱ्यातली पिन भोकातून अर्धवट वर आली होती. कूलर काढून उलटा केला तेव्हा पेस्टचा ठसाच सर्व सांगत होता: वरच्या डाव्या कोपऱ्यात ती इतकी दाबली गेली होती की खालचा धातू चमकत होता, आणि समोरच्या कोपऱ्यात ती दुधाच्या सायीसारखी जाड, वर बुडबुड्यांच्या खुणा असलेली तशीच बसली होती. तिथे कूलर प्रोसेसरला टेकतच नव्हता.

अशा पिनांच्या कूलरची बसवणी नीट समजून घ्यावी. प्रत्येक पिनच्या टोपीवर एक बाण असतो. त्या बाणाच्या दिशेने टोपी फिरवली की पिन सुटते. म्हणून बसवण्यापूर्वी चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून घ्याव्या आणि पांढरी टोके मदरबोर्डच्या भोकांत सरळ उतरली आहेत याची खात्री करावी. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन टोप्या दोन अंगठ्यांनी एकदम दाबाव्या, ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे, आणि त्यानंतर उरलेल्या दोन दाबाव्या. आवाजावर न विसंबता मदरबोर्डच्या मागच्या बाजूने पाहावे: पांढरे टोक फाकलेले आणि त्याच्या मधून काळी दांडी बाहेर आलेली, असे चारही ठिकाणी दिसले तरच कूलर बसला. कॅबिनेटमध्ये उभ्याने हे करताना मदरबोर्ड मागे वाकतो, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याने बोर्ड बाहेर काढून टेबलावर ठेवून करावे हे बरे. भाच्याच्या संगणकात जुनी पेस्ट पुसून, नवी लावून, चारही पिना अशा बसवल्यावर त्याच खोलीत, तेवढ्याच वॉटला तापमान ७६ वर आले. नवे पंखे त्याने न उघडताच परत केले.

स्क्रूने बसणारा कूलर असेल तर चारही स्क्रू आधी दोन-दोन फेरे तिरक्या क्रमाने लावावे, जसे मोटारीच्या चाकाचे नट आवळतात, आणि मग त्याच क्रमाने थोडे थोडे आवळत न्यावे. एका बाजूचे दोन स्क्रू आधी पूर्ण आवळले तर पेस्ट दुसऱ्या बाजूला सरकते आणि सांधा तिरका बसतो. नवा कूलर असेल तर त्याच्या तळावरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढली आहे ना हे पाहावे. ती तशीच ठेवून बसवलेले कूलर मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत आणि दुकानातून जोडून आणलेल्या संगणकातही असे घडते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी कूलर काढताना विशेष काळजी घ्यावी. या प्रोसेसरच्या पिना खाली प्रोसेसरलाच असतात, आणि वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. त्यासाठी आधी दहा मिनिटे संगणकावर काही जड काम चालवून पेस्ट गरम करावी, मग संगणक बंद करून, वायर काढून, कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवावा. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटांत प्रोसेसरवर धातूची चौकट दाबून बसलेली असते, त्यामुळे ही भीती नाही. मात्र तिथे पिना सॉकेटमध्ये असल्याने प्रोसेसर काढल्यास त्या उघड्या पिनांना बोट किंवा कापड मुळीच लागू देऊ नये. प्रोसेसर न काढताच वरची पेस्ट पुसता येते, आणि तसेच करावे.

पेस्टविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की तिला तिच्या लायकीपेक्षा जास्त श्रेय मिळते. बऱ्यापैकी कोणत्याही दोन पेस्टांमध्ये फरक पडतो तो दोन-चार अंशांचा. वीस अंशांचा फरक पडला तर तो पेस्टमुळे नव्हे, तर कूलर नव्याने आणि नीट बसवला गेल्यामुळे पडलेला असतो. अर्थात पाच-सहा वर्षांची, भेगाळलेली, खडूसारखी झालेली पेस्ट बदलायलाच हवी. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे होईपर्यंत पुसावी. नवी पेस्ट मध्यभागी मटारच्या लहान दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर ४५ गुणिले ३७.५ मिलिमीटरचे, म्हणजे लांबट आहेत, त्यामुळे तिथे दाणा जरा मोठा घ्यावा किंवा लांबीच्या दिशेने छोटी रेघ ओढावी. बोटाने पसरवण्याची गरज नाही, कूलरचा दाबच ती पसरवतो. थोडी जास्त लागली तरी बिघडत नाही, कमी लागली तर बिघडते. पेस्टऐवजी वापरायच्या द्रवधातूच्या वाटेला मात्र सरावाशिवाय जाऊ नये: तो वीजवाहक असतो, एक थेंब बोर्डवर सांडला तर बोर्ड जातो, आणि त्यातले गॅलियम अ‍ॅल्युमिनियमचा तळ खाऊन टाकते.

सांधा ठीक असेल तर पंखा पाहावा. त्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच असावी, कारण दुसऱ्या जागी लावल्यास बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ सेटिंगचा प्रोग्राम, त्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानानुसार बदलेलच असे नाही. तापमान ८५ झाले तरी फेरे ९०० वरच अडकलेले दिसत असतील तर बायोसमधला पंख्याचा आलेख फारच सौम्य ठेवलेला आहे. ७० अंशांना सत्तर टक्के आणि ८० च्या पुढे पूर्ण वेग असा तो बदलून पाहावा. उंच टॉवर कूलरचा पंखा उलटा बसलेला नाही ना हेही पाहावे. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, आणि ती बाजू हीटसिंककडे असली पाहिजे. संशय असेल तर पेटलेली उदबत्ती जवळ धरावी, धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसते.

लिक्विड कूलर असेल तर पंख्यांआधी पंपाचे फेरे पाहावे. पंपाची वायर पूर्ण वेगाने चालणाऱ्या जागी असावी, पंख्यासारखा त्याचा वेग कमी-जास्त होऊ देऊ नये. पंपाचे फेरे शून्य दिसत असतील, किंवा भाराखाली एक नळी हाताला चांगली गरम आणि दुसरी थंडगार लागत असेल, तर पाणी फिरत नाही. रेडिएटर पंपापेक्षा वर असावा, म्हणजे आतला हवेचा बुडबुडा पंपात न अडकता वर जाऊन बसतो. असा बंद कूलर घरी उघडून दुरुस्त होत नाही. अनेक कंपन्या त्यावर ५ ते ६ वर्षांची हमी देतात, तेव्हा बिल शोधावे.

गेममध्येच तापणारा संगणक

येथे एक सोपी परीक्षा आहे. गेम अर्धा तास खेळून आकडा लिहावा, बाजूचे झाकण काढून तोच गेम पुन्हा अर्धा तास खेळावा. तापमान पाच-सात अंश किंवा त्याहून जास्त उतरले, तर प्रोसेसरचा कूलर निर्दोष आहे आणि कॅबिनेट गुदमरते आहे. समोर पूर्ण काच आणि कडेला बोटभर फट, अशा देखण्या कॅबिनेटांत हे नेहमी होते. आत तीन पंखे फिरत असतात, पण त्यांना ओढायला हवाच नसते. समोरून किंवा खालून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून वरच्या बाजूला एक बाहेर टाकणारा, एवढी व्यवस्था बहुतेक संगणकांना पुरते. मागची बाजू भिंतीपासून निदान वीतभर दूर असावी. झाकण कायमचे उघडे ठेवणे हा उपाय नव्हे, त्याने महिन्याभरात धुळीचा थर साचतो, आणि उघड्या पंख्यात लहान मुलांची बोटे जातात.

धूळ काढताना संगणक बंद करून, वायर काढून, तो अंगणात किंवा गच्चीवर न्यावा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवावे, कारण मोकळा पंखा ब्लोअरच्या झोताने भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग बिघडते. समोरची आणि खालची जाळी काढून पाण्याखाली धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच लावावी. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीची, खालची जाळी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तीही पाहावी. आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी फेब्रुवारीत एकदा, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

वॉटच जास्त असतील तर

आय५-१२४०० ची मूळ पॉवर ६५ वॉट आणि कमाल ११७ वॉट आहे. आय७-१३७००के ची १२५ आणि २५३. अनेक मदरबोर्ड, विशेषतः महागडे, ही मर्यादा आपणहून उठवून ठेवतात, म्हणजे चाचण्यांत बोर्ड वेगवान दिसतो. बायोसमध्ये पीएल१ (मूळ पॉवर) आणि पीएल२ (कमाल पॉवर) या दोन जागी इंटेलचे मूळ आकडे भरावे, आणि ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ नावाची, सर्व कोअर जास्त वेगाने पळवणारी सोय चालू असेल तर ती बंद करावी. तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असणाऱ्यांनी २०२४ च्या ऑगस्टनंतरचा बायोस बसवला आहे का हे याच वेळी पाहावे. या पिढ्यांतल्या काही प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे अस्थिर होत होते, आणि इंटेलने त्यावर नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच) देऊन हमीही दोन वर्षांनी वाढवली.

रायझनमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे वीज घेऊ देणारी सोय, बंद करावी, किंवा थेट कमी विजेवर चालवणारा इको मोड लावावा. एएम५ वरचा १०५ वॉटचा प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत घेतो. ६५ वॉटच्या इको मोडमध्ये तो ८८ वर थांबतो. गेम क्वचितच सर्व कोअर पूर्ण वापरतात, त्यामुळे खेळताना वेगातली घट सहसा जाणवत नाही, आणि तापमान मात्र चांगलेच उतरते. उन्हाळ्याचे तीन महिने इको मोड लावून ठेवणे हा विदर्भातल्या गेमरसाठी मला सर्वांत शहाणपणाचा उपाय वाटतो. याशिवाय फ्रेम्सना मर्यादा घालावी: मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असताना गेमच्या मेनूत चारशे फ्रेम्स काढण्यात प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही विनाकारण तापतात.

काहीच न करता संगणक तापत असेल तर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरच्या वापरानुसार क्रम लावावा. विंडोजचे अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी असेल तर ती संपू द्यावी. पण टास्क मॅनेजर उघडताच पंखे शांत होतात आणि बंद करताच पुन्हा घोंघावू लागतात, असे दिसले तर चोरून क्रिप्टो चलन खणणारा प्रोग्राम आत शिरल्याचा दाट संशय घ्यावा. काही प्रोग्राम मुद्दाम तसे लपतात. फुकटात उतरवलेल्या चोरट्या गेमसोबत ते येतात. तो गेम काढून संपूर्ण तपासणी करावी, आणि खात्री नसेल तर विंडोज नव्याने टाकावे.

हे सर्व झाल्यावर, वॉट मर्यादेत, सांधा पक्का, हवा मोकळी आणि तरीही तापमान छताला टेकत असेल, तरच नवा कूलर घ्यावा. ६५ ते १२५ वॉटच्या प्रोसेसरला चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला टॉवर कूलर भरपूर होतो. विकत घेण्यापूर्वी त्याची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. असे कूलर बहुधा १५५ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर लागत नाही. नवा कूलर लावूनही ६५ वॉटला ९० च्या पुढे आकडा जात असेल, तर प्रोसेसर किंवा त्याचा सेन्सरच सदोष असू शकतो. मग संगणक हमीत आहे तोवर दुकानात न्यावा, आणि सोबत ती वही न्यावी: तारीख, खोलीचे तापमान, वॉट, अंश, पंख्याचे फेरे, आणि प्रत्येक नोंदीपुढे काय बदलले ते. ‘खूप तापतो’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ब्लोअर मारून परत पाठवले जाते. वही पुढे ठेवणाऱ्याचा प्रोसेसर चाचणीला लावला जातो.